अंगणांतील घर कीं घरांतील पिंजरा?

दरवर्षीं वार्षिक परीक्षा संपत आली म्हणजे आमच्याकडे येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या प्रश्नांचा रोख एकाएकीं पालटतो. बीजगणित आणि व्याकरण मागें पडतें आणि एखादा मुलगा हळूच विचारतो, "सर, सुटींत आम्ही कुत्र्याचें पिलूं आणणार आहों. त्याच्यासाठीं अंगणांत घर बांधावें, कीं दुकानांत मिळतो तसा तारेचा पिंजरा आणून घरांतच ठेवावा?" प्रश्न लहान दिसतो, परंतु त्याचें उत्तर एका मुक्या प्राण्याला दहाबारा वर्षें भोगावयाचें असतें. म्हणून या वर्षीं तें उत्तर तोंडीं न देतां येथें सविस्तर लिहून काढावें असें ठरविलें. मुलांनीं तें वाचावें, आणि घर कोणाच्या नांवावर आहे हें लक्षांत घेऊन पालकांनाही वाचून दाखवावें.

प्रथम शब्दांचा अर्थ निश्चित करूं. अंगणांतील घर म्हणजे परसांत किंवा फाटकाजवळ विटा, फळ्या अथवा पत्रे यांचें उभारलेलें ठेंगणें छपराचें घर. त्याला दार नसतें, नुसतें तोंड असतें, आणि कुत्रा आपल्या इच्छेनें आंत-बाहेर करूं शकतो. घरांतील पिंजरा म्हणजे तारेची, प्लास्टिकची किंवा लांकडाची मोठी पेटी. दुकानदार तिला 'क्रेट' म्हणतात. तिला दार असतें, दाराला कडी असते, आणि ती कडी माणसाच्या हातीं असते. दोहोंमधला मुख्य भेद हाच, कीं एका ठिकाणीं कुत्रा मोकळा पण दूर असतो, आणि दुसऱ्या ठिकाणीं जवळ पण कोंडलेला असतो. एवढें ध्यानांत ठेविलें म्हणजे पुढील विवेचन समजण्यास अडचण पडणार नाहीं.

जागा निवडण्यापूर्वीं त्या जागेंत राहणाऱ्याची प्रकृति ओळखली पाहिजे. कुत्रा आणि माणूस यांची सोबत फार जुनी आहे. जर्मनींत बॉन शहराजवळ ओबरकासेल येथें १९१४ सालीं दगडाच्या खाणींत काम करणाऱ्या मजुरांना एक प्राचीन दफन सांपडलें. त्यांत एक पुरुष, एक स्त्री आणि त्यांच्याबरोबर एका कुत्र्याचीं हाडें होतीं. हें दफन सुमारें चौदा हजार वर्षांपूर्वींचें आहे. २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत त्या कुत्र्याच्या दांतांवरून असें अनुमान निघालें, कीं तें सहासात महिन्यांचें पिलूं होतें. त्याला डिस्टेंपर नांवाचा कठीण रोग झाला होता, आणि तरीही तें कित्येक आठवडे जगलें होतें. कोणी तरी त्याला ऊब दिली, पाणी पाजलें, त्याची घाण काढली, त्यावांचून तें इतके दिवस जगणें शक्य नव्हतें असें संशोधकांचें मत आहे. आजारी पिलूं शिकारीच्या कामाचें नव्हतें, राखणीच्याही कामाचें नव्हतें. तरी ज्या माणसांना स्वतःलाच धड घर नव्हतें, त्यांनीं त्याला आपल्याजवळ ठेवून घेतलें.

या हजारों वर्षांच्या सहवासांत कुत्र्याच्या जातीनें एक गोष्ट पक्की शिकून घेतली आहे, ती ही कीं माणसांच्या जवळ असावें. स्कॉट आणि फुलर या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं पुष्कळ वर्षें कुत्र्यांच्या वर्तनाचा अभ्यास करून १९६५ सालीं आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत त्यांनीं दाखवून दिलें, कीं वयाच्या तिसऱ्या आठवड्यापासून सुमारें बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ पिलाच्या आयुष्यांत फार नाजूक असतो. या काळांत माणसाचा सहवास मिळाला नाहीं, तर पुढें तें माणसाला बुजतें आणि ती बुज जन्मभर पुरतेपणीं जात नाहीं. आपण पिलूं आणतों तें बहुधा दोन महिन्यांचें असतें. म्हणजे या अमूल्य काळांतील शेवटचा महिनाच आपल्या हातीं असतो. तेवढा महिना त्याला परसाच्या टोंकाला ठेवून घालविला, तर तो पुढें भरून काढतां येत नाहीं.

आणखी एक गोष्ट. विद्यार्थ्यानें श्वाननिद्रा घ्यावी असें आपणांस शिकविलें जातें. त्यावरून कुत्रा फार थोडें झोंपतो असा पुष्कळांचा समज होतो. पण तो खरा नाहीं. मोठा कुत्रा चोवीस तासांपैकीं निम्मा वेळ किंवा त्याहूनही अधिक झोंपून असतो. लहान पिलूं तर अठरा-वीस तास झोंपतें. त्याची झोंप थोडी नसते, ती सावध असते. जरा पान हाललें तरी कान टंवकारतात. अशा सावध झोंपेच्या प्राण्याला दिवसाचा अर्धा वेळ जेथें काढावयाचा, ती जागा निर्धास्त नसेल तर त्याला विश्रांति ती कशी मिळणार?

आतां अंगणांतील घराकडे वळूं, आणि त्याविषयीं माझ्या लहानपणची एक गोष्ट सांगतों. मी बारा वर्षांचा असतांना आमच्या घरीं मोती नांवाचा तांबूस रंगाचा गांवठी कुत्रा होता. एप्रिलच्या सुटींत मीं त्याच्यासाठीं घर बांधावयाचें मनावर घेतलें. खोक्याच्या फळ्यांच्या भिंती केल्या, तेलाचे रिकामे डबे कापून त्यांचा पत्रा छपरावर ठोकला, तोंडावर रंगानें 'मोती-सदन' असें नांव घातलें, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसावें म्हणून तें फाटकाजवळ अगदीं उघड्यावर मांडलें. मोती आंत राहीना, म्हणून त्याला साखळीनें तेथेंच बांधून ठेविलें. दुपारीं जेवणें झालीं आणि सारें घर झोंपलें. चारच्या सुमारास आई उठून बाहेर आली, तों मोती आडवा पडलेला. जीभ लांब बाहेर आलेली, धाप आंवरत नव्हती, तोंडाला फेस आलेला, आणि पाण्याचें भांडें लवंडलेलें. आईनें त्याला ओढून ओसरीच्या सावलींत आणलें, पोटावर आणि पायांवर पाणी ओतलें, सुपानें वारा घातला. दिवेलागणीला त्यानें मान उचलली. मी कोपऱ्यांत उभा राहून रडत होतों. आजी म्हणाली, "अरे बाळा, तें घर तुला हवें होतें. त्याला तूं हवा होतास." त्या रात्रीं मोती ओसरीच्या उंबऱ्याशीं झोंपला, आणि पुढें जन्मभर तेथेंच झोंपला. मोती-सदन आम्हीं आंब्याखालीं हलविलें. त्यांत कोंबड्या बसूं लागल्या.

त्या दुपारीं काय घडलें होतें, हें मला पुष्कळ वर्षांनीं समजलें. आपल्या अंगावरचा घाम वाळतो आणि शरीर निवतें. कुत्र्याला घाम येतो तो मुख्यतः तळपायांना, आणि तो फारसा उपयोगीं पडत नाहीं. म्हणून तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो. तोंडांतील आणि श्वासमार्गांतील ओल वाऱ्यानें वाळते, आणि त्याबरोबर शरीरांतील उष्णता बाहेर पडते. हें सर्व चालण्यास हवा खेळती आणि कोरडी असावी लागते. कुत्र्याच्या शरीराचें स्वाभाविक उष्णमान सुमारें ३८ ते ३९ अंश सेल्सियस असतें. तापलेल्या पत्र्याखालीं कोंडलेली हवा फार गरम झाली, म्हणजे धाप टाकून तो पुरेसा निवत नाहीं, उलट दमतो. शरीराचें उष्णमान ४१ अंशांपलीकडे गेलें तर जीवावर बेततें. पग जातीच्या बसक्या नाकाच्या कुत्र्यांना श्वासाची वाट अरुंद असल्यामुळें हा धोका अधिक असतो. असा प्रसंग आलाच तर कुत्र्याला सावलींत न्यावें, अंगावर साधें गार पाणी ओतावें, वारा घालावा, शुद्धीवर असेल तर थोडें थोडें पाणी पिऊं द्यावें, आणि बरें वाटलेंसें दिसलें तरी विलंब न लावतां गुरांच्या डॉक्टरांना दाखवावें.

यावरून अंगणांतील घर वाईटच, असा निष्कर्ष काढणें योग्य होणार नाहीं. नीट बांधलेलें घर ही दिवसाच्या विश्रांतीची उत्तम सोय आहे. मात्र तें कुत्र्याच्या अंगावरून मापून बांधावें, आपल्या हौसेवरून नव्हे. कुत्र्यानें मान न वांकवितां आंत उभें राहावें, सहज वळावें आणि पाय पसरून निजावें, इतकीच जागा असावी. फार मोठें घर थंडीच्या दिवसांत त्याच्या अंगच्या उबेनें तापत नाहीं. जमीन विटांवर चार-सहा इंच उचललेली असावी, म्हणजे पावसाचें पाणी आंत शिरत नाहीं आणि ओल चढत नाहीं. छप्पर उतरतें व पुढें आलेलें असावें. पत्राच घालावयाचा असेल, तर त्यावर गवत किंवा कौलें अंथरून मध्यें हवेला वाट ठेवावी. आपल्याकडे पावसाचा मारा नैर्ऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येतो, म्हणून घराचें तोंड त्या दिशांना करूं नये. भिंतींत वरच्या बाजूस वारा खेळण्यासाठीं भोकें ठेवावीं. फळ्यांच्या फटींत गोचिडी दडतात व तेथेंच अंडीं घालतात, म्हणून फटी बुजवाव्या, आणि छप्पर उचलून आंतून झाडतां-धुतां येईल अशी व्यवस्था करावी. अंथरावयास गोणपाट चालेल. पण ओलें झालेलें गोणपाट दुसऱ्या दिवसापर्यंत तसेंच राहूं देऊं नये. आणि घर सावलींत असावें. सकाळची सावली दुपारीं सरकते, म्हणून जागा ठरविण्यापूर्वीं एक दिवस दर दोन तासांनीं बाहेर जाऊन पाहावें. भूगोलाच्या पुस्तकांत सूर्याची गति वाचलेल्या मुलाला हें काम सोंपवावें.

एकच नमुना साऱ्या महाराष्ट्राला पुरत नाहीं, हेंही ध्यानांत घ्यावें. चंद्रपूर-नागपूरकडे उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांच्या घरांत जातो. तेथें दुपारच्या वेळीं अंगणांतील कोणतेंही घर निरुपयोगी होय, कुत्र्याला माणसांच्याच छपराखालीं घेतलें पाहिजे. कोंकणांत चार महिने अंगण हें अंगण नसून ओढाच असतो. नाशिकजवळ निफाडकडे कांहीं हिवाळ्यांत पारा पांच अंशांखालीं उतरतो. तेथें मुधोळसारख्या सडपातळ, तोकड्या केसांच्या कुत्र्याला रात्रीं उघड्यावर हुडहुडी भरते. उलट थंड मुलुखांतील दाट केसांचा हस्की कुत्रा हौसेखातर आणावयाचा आणि पुण्याच्या मे महिन्यांत अंगणांत ठेवावयाचा, हें तर त्याला जाणूनबुजून छळणेंच होय.

हवामानाखेरीज अंगणांत दुसरींही भयें आहेत. अहिल्यानगर जिल्ह्यांतील अकोले तालुक्यांत बिबट्यांच्या विष्ठेची तपासणी करून संशोधकांनीं त्यांचा आहार शोधला. २०१४ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासाप्रमाणें बिबट्याच्या भक्ष्याच्या एकूण वजनांत पाळीव आणि गांवांतील कुत्र्यांचा वांटा सुमारें ३९ टक्के होता, बकरी-मेंढ्यांपेक्षांही अधिक. ऊंसाच्या आणि डोंगराच्या आसपास राहणाऱ्या वाचकांना हें सांगण्याची गरज नाहीं. साखळीला बांधलेला कुत्रा तर पळूंही शकत नाहीं. त्याला राखणीसाठीं ठेविलें असें आपण म्हणतों, पण बिबट्याच्या दृष्टीनें तो वाढून ठेवलेला घास असतो. पावसाळ्यांत उंदरांच्या मुतानें दूषित झालेल्या चिखल-पाण्यांतून लेप्टोस्पायरोसिस हा रोग कुत्र्याला होतो, आणि त्याच्यापासून माणसालाही होऊं शकतो. भटक्या कुत्र्यांशीं झटापट होते. म्हणून बाहेर राहणाऱ्या कुत्र्याला रेबीजची, तशीच इतर रोगांचीही लस वेळच्या वेळीं टोंचून घेणें ही चैन नव्हे, घरांतील मुलांच्या जीवाची ती काळजी आहे.

साखळीविषयीं कायदा काय म्हणतो, हेंही पालकांनीं जाणून घ्यावें. प्राण्यांना क्रूरतेनें वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा आपल्या देशांत लागू आहे. त्याच्या अकराव्या कलमांत, ज्या पिंजऱ्यांत प्राण्याला पुरेशी हालचाल करतां येत नाहीं त्यांत त्यास ठेवणें, अवाजवी आंखूड वा जड साखळीनें त्यास दीर्घकाळ बांधणें, आणि नेहमीं बांधून किंवा कोंडून ठेविलेल्या कुत्र्याला मालकानें पुरेसें फिरावयास न नेणें, हीं तिन्ही कृत्यें क्रूरतेंत गणलीं आहेत. म्हणजे साखळी आणि पिंजरा या दोहोंसही हें कलम सारखेंच लागू आहे.

आतां पिंजऱ्याचा विचार करूं. ही चाल आपल्याकडे मुख्यतः अमेरिकेंतून आली. तिचे पुरस्कर्ते असें सांगतात, कीं कुत्र्याचे पूर्वज लांडगे. लांडगे गुहेंत राहतात. म्हणून पिंजरा ही कुत्र्याची गुहाच होय. हें अर्धसत्य आहे. लांडगीण पिलांसाठीं बीळ किंवा गुहा धरते हें खरें. पण पिलें मोठीं झालीं म्हणजे सारा कळप उघड्यावर निजतो. आणि गुहेच्या तोंडाला कडी नसते. मात्र यांतील खरा अर्धा भाग उपयोगाचा आहे. सुमारें तीन आठवड्यांचें झाल्यापासून पिलूं निजावयाची जागा सोडून दूर जाऊन मलमूत्र करूं लागतें. निजावयाची जागा स्वच्छ ठेवण्याची ही उपजत वृत्ति पिंजऱ्याच्या साहाय्यानें पक्की करतां येते. पिलूं झोंपून उठलें, जेवलें किंवा खेळून दमलें, कीं लगेच त्याला बाहेर ठरलेल्या जागीं न्यावें, आणि तेथें त्यानें विधि उरकला कीं शाबासकी द्यावी. थोड्याच आठवड्यांत घर स्वच्छ राहूं लागतें. पिंजरा फार मोठा असला तर पिलूं एका कोपऱ्यांत घाण करून दुसऱ्यांत निजतें, म्हणून वाढीचा पिंजरा आणल्यास मध्यें पडदी घालावी.

पिंजऱ्याचे इतरही उपयोग आहेत. कुत्र्याच्या पायाचें हाड मोडलें किंवा शस्त्रक्रिया झाली, तर डॉक्टर त्याला कित्येक दिवस एका जागीं ठेवावयास सांगतात. रेल्वेनें नेतांना, पहिल्या वर्गाचा स्वतंत्र कूपे मिळाला नाहीं, तर कुत्र्याला गार्डाच्या डब्यांतील पेटींत प्रवास करावा लागतो. ज्याला आधींपासून बंद जागेची संवय आहे, तो अशा वेळीं घाबरत नाहीं. दिवाळींत फटाक्यांचा दणदणाट सुरू झाला, कीं कुत्रीं पलंगाखालीं लपतात. अशा वेळीं आंतल्या खोलींत ठेविलेला, वरून जाड चादर घातलेला आणि दार उघडें असलेला पिंजरा त्यांना मोठा आधार वाटतो.

परंतु ही संवय जबरदस्तीनें लागत नाहीं. आरंभीं दार काढून किंवा बांधून ठेवावें आणि जेवणाचें भांडें आंत ठेवावें. कुत्रा आपण होऊन आंत जाऊन निजूं लागला, म्हणजे क्षणभर दार लोटावें आणि तो कुरकुरण्यापूर्वींच उघडावें. पुढें दोन मिनिटें, मग पांच, मग पंधरा. याला कित्येक दिवस लागतात. आंत ठेवतांना गळपट्टा काढावा, नाहीं तर तो तारेंत अडकून गळफास बसण्याचें भय असतें. दिवसा पिलाला त्याच्या वयाचे जितके महिने, त्याहून फार तर एक तास अधिक, इतकाच वेळ बंद ठेवावें. म्हणजे दोन महिन्यांच्या पिलाला तीन तासांपेक्षां अधिक नव्हे. मोठ्या कुत्र्यालाही दिवसा एका वेळीं चार-पांच तासांपलीकडे कोंडूं नये. आणि शिक्षा म्हणून तर त्यांत कधींही घालूं नये. महाभारताच्या आरंभींच सरमा नांवाच्या कुत्रीची कथा आहे. तिच्या पिलानें यज्ञांतील हविर्द्रव्य चाटलें नव्हतें, त्याकडे पाहिलेंही नव्हतें. तरी जनमेजयाच्या भावांनीं त्याला मारलें. सरमेनें येऊन विचारलें, कीं माझ्या पिलाचा अपराध काय? त्यांना उत्तर देतां आलें नाहीं. सकाळीं कुरतडलेल्या चपलेबद्दल संध्याकाळीं कोंडलेल्या पिलाचा प्रश्न तोच असतो, फक्त तें बोलत नाहीं.

माझ्या एका विद्यार्थ्याच्या घरीं घडलेली हकीकत येथें सांगण्यासारखी आहे. तिसऱ्या मजल्यावरचें दोन खोल्यांचें घर; आई-वडील दोघेही नोकरीला, मुलगा शाळेंत. हौसेनें लॅब्राडॉरचें पिलूं आणलें, आणि घर घाण होऊं नये म्हणून सकाळीं नऊपासून संध्याकाळीं सहापर्यंत तें पिंजऱ्यांत बंद राहूं लागलें. पंधरा दिवसांत तें आपल्याच घाणींत बसूं लागलें; म्हणजे जी स्वच्छतेची वृत्ति पक्की करावयाची, तीच मोडली. तारा चावून हिरड्यांतून रक्त येऊं लागलें, आणि शेजारी भुंकण्याची तक्रार करूं लागले. पिलूं परत देऊन टाकावें इथपर्यंत गोष्ट आली. मुलगा वर्गांत माझ्याजवळ आला तेव्हां त्याचे डोळे भरलेले होते. वडिलांशीं बोलून आम्हीं व्यवस्था बदलली. पिंजऱ्याचें दार काढून टाकलें. स्वयंपाकघराच्या दाराला कमरेइतकी उंच लांकडी फळी बसविली, म्हणजे पिलाला एक खोली मोकळी मिळाली. खालच्या मजल्यावरच्या निवृत्त आजोबांनीं सकाळीं अकरा व दुपारीं दोन वाजतां त्याला खालीं नेण्याचें पत्करलें. आणि मुलानें पहांटे अर्धा तास लवकर उठून त्याला फिरविण्याचें व्रत घेतलें. सुधारणा व्हावयास दोन महिने लागले. आज तें कुत्रें त्याच बिनदाराच्या पिंजऱ्यांत आपण होऊन निजतें.

पिंजऱ्याविषयीं देशोदेशींचीं मतें भिन्न आहेत. अमेरिकेंत पुष्कळ शिक्षक व डॉक्टर पिलाला पिंजऱ्याची संवय लावण्याची शिफारस करतात. स्वीडनमध्यें मात्र प्रवासासारखे अपवाद सोडले, तर घरांत कुत्र्याला पिंजऱ्यांत कोंडून ठेवण्यास मनाई आहे. जर्मनींत २०२२ च्या आरंभापासून कुत्र्याला कायमचें साखळीला बांधून पाळणें बंद झालें आहे, आणि जो बाहेर राहतो त्याला उबदार निवारा व सावली देणें मालकास बंधनकारक आहे. या भिन्न मतांतून एक समान सूत्र निघतें, तें असें कीं अंगणांत किंवा पिंजऱ्यांत कुत्र्यानें थोडा वेळ काढण्यास कोणाचीच फारशी हरकत नाहीं. हरकत आहे ती सारें आयुष्य तेथें घालविण्यास.

मग निवड कशी करावी? घरच्या मंडळींनीं एकत्र बसून चार प्रश्नांचीं खरीं उत्तरें द्यावीं. दिवसा घरीं कोण असतें? आणावयाचा कुत्रा कोणत्या जातीचा व वयाचा आहे? आपल्या गांवचा उन्हाळा, पाऊस आणि आसपासचें रान कसें आहे? आणि त्याला दिवसांतून दोन वेळां फिरावयास कोण नेणार? शेवटच्या प्रश्नाचें उत्तर "सगळेच" असें आलें, तर त्याचा अर्थ बहुधा "आईच" असा होतो. म्हणून नांव ठरवून घ्यावें.

शेतावर किंवा वाडींत राहणाऱ्यांनीं सावलींत चांगलें घर बांधावें, भोंवतीं कुंपण घालावें, साखळी टाकून द्यावी, आणि रात्रीं कुत्र्याला पडवींत किंवा दाराआंत घ्यावें. गांवांत अंगणासह घर असणाऱ्यांनीं अंगणांतील घर दिवसापुरतें आणि रात्रीं घरांतील अंथरूण अशी दोन्ही सोय करावी. इमारतींत राहणाऱ्यांस अंगणाचा प्रश्नच नाहीं. त्यांनीं पिंजरा आणलाच तर तो दार उघडें असलेली खोली म्हणून वापरावा, कडी फक्त थोड्या वेळापुरती. आणि ज्या घरांत रोज आठ-नऊ तास कोणीच नसतें व शेजारचीही मदत नाहीं, त्यांनीं पिलूं आणण्याचा बेत कांहीं वर्षें पुढें ढकलावा. असें सांगतांना मला वाईट वाटतें. पण खोटें उत्तर देणें त्याहून वाईट.

खरें पाहतां आपल्या जुन्या घरांनीं हा प्रश्न फार पूर्वींच सोडविला होता. ओसरी ही धड बाहेर नव्हती आणि धड आंतही नव्हती. तेथें छप्पर होतें, सारवलेली गार जमीन होती, आंतल्या माणसांचीं बोलणीं ऐकूं येत, फाटकाकडे नजर राही, आणि कडी कोणाचीच नव्हती. ओसरी गेली आणि तिच्या जागीं एकीकडे पत्र्याचें घर व दुसरीकडे तारेचा पिंजरा आला. आपणांस जें शोधावयाचें, तें या दोहोंपैकीं एक नव्हे. आपल्या हल्लींच्या घरांत ओसरीसारखी जागा कोठें मिळेल, तें शोधावयाचें आहे. ती दिवाणखान्याच्या कोपऱ्यांत असेल, गच्चीकडील दाराशीं असेल, किंवा उघड्या दाराच्या पिंजऱ्यांतही असेल.

जागा ठरली म्हणजे एक परीक्षा घ्यावी. रात्रीं दोन वाजतां विजा कडाडूं लागल्या आणि पिलूं घाबरून हळूच कण्हलें, तर तें ऐकूं येईल इतक्या जवळ घरांतील कोणी निजलेलें आहे काय? उत्तर होय असेल, तर घर लांकडाचें कीं तारेचें हा प्रश्न गौण आहे. उत्तर नाहीं असेल, तर घराला कितीही सुंदर रंग द्या आणि कितीही चांगलें नांव घाला, तें मोती-सदनच होय. माझी चूक वाचकांपैकीं एकानें जरी टाळली, तरी ती सांगण्याचा संकोच मला वाटणार नाहीं.